गेमचा लेख अचूक ठेवायचा तर : वाचकांचे प्रश्न

विकिपीडियावरचे व्हिडिओ गेमचे लेख दुरुस्त करताना काय अडते ते कळवा, असे गेल्या अंकात म्हटले होते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रे आली. बहुतेक पत्रांत एकच सल आहे: मी बरोबर लिहिले, तरी ते टिकले नाही. त्यातली नऊ पत्रे इथे घेतली आहेत. बहुतेकांनी इंग्रजी विकिपीडियातल्या लेखांबद्दल विचारले असल्याने नियम तिथले दिले आहेत.

प्रश्न : एक नेमबाजीचा गेम मी तीन वर्षे रोज खेळतो. लेखात एका बंदुकीच्या गोळ्यांचा आकडा चुकला होता, तो सुधारला आणि सगळ्या बंदुकांचा तक्ताही दिला. दोन तासांत सगळे काढून टाकले. खेळणाऱ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? – महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : तुमचा आकडा बरोबरही असेल. पण ज्याच्याकडे हा गेमच नाही, त्या चंद्रपूरच्या वाचकाने तो कसा पडताळायचा? 'मी खेळून पाहिले' हा पुरावा दुसऱ्याला उघडून बघता येत नाही. शिवाय असे आकडे पुढच्या अपडेटमध्ये बदलतात आणि तक्ता चुकीचा होऊन तसाच पडून राहतो.

तक्ता काढण्याचे कारण मात्र वेगळे आहे. ज्ञानकोश म्हणजे गेमचे मार्गदर्शक पुस्तक नव्हे. शस्त्रांच्या याद्या, पातळ्या पार करायच्या युक्त्या, चीट कोड, दुकानातल्या वस्तूंचे भाव यांना तिथे जागा नाही. जो माणूस हा गेम कधीच खेळणार नाही, त्याला हे वाक्य वाचून गेम कसा आहे ते कळेल का, एवढे स्वतःला विचारून बघा. 'खेळाडू हत्यारांशिवाय बेटावर उतरतो आणि तिथे सापडेल त्यावर लढतो' हे त्यालाही कळते. गोळ्या तीस की चाळीस, याने त्याचे काही अडत नाही. तुमच्या तक्त्यासाठी चाहत्यांनी चालवलेले खास कोश असतात, तिथे तो मोलाचा आहे.

खेळून मिळालेली एक गोष्ट लेखात चालते, ती म्हणजे कथानक. कथानकाचा स्रोत गेम स्वतःच असतो, त्यामुळे पडद्यावर जे दिसते आणि ऐकू येते ते वेगळ्या संदर्भाशिवाय लिहिता येते. मर्यादा साधारण ७०० शब्दांची. 'बहीण भावाला शोधत निघते' हे दिसते. 'तिला अपराधी वाटत असते' हा तुमचा अर्थ झाला. तसा संवाद असेल तर तो कोणत्या प्रसंगात आहे ते नोंदवा, नसेल तर एखाद्या समीक्षकाने छापलेला अर्थ त्याच्या नावाने द्या. शेवट एकापेक्षा जास्त असतील तर तुम्हाला आला तोच खरा धरू नका.

तीन वर्षांच्या खेळाचा खरा उपयोग चूक ओळखायला होतो. एखादे वाक्य खटकले की निर्मात्यांनी अपडेटसोबत दिलेली टिपणे उघडा, तिथे तो बदल सापडला तर त्याचा दुवा देऊन दुरुस्ती करा. अशी दुरुस्ती टिकते.

प्रश्न : 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची अमेरिकेतली नेमकी तारीख एका संकेतस्थळावरून घेऊन भरली, ती काढली गेली. दुसऱ्या एका गेमला तर दोन दोन तारखा सापडतात. खरी कोणती? – देवगड

उत्तर : भरतीची वेळ सांगताना बंदर सांगावे लागते. गेमच्या तारखेचेही तसेच आहे: देश कोणता, गेम खेळायचे यंत्र कोणते आणि तारीख कसली, ही तिन्ही सांगितल्याशिवाय तारखेला अर्थ नाही.

'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानात १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला, याबद्दल वाद नाही. अमेरिकेत निन्टेंडोचे यंत्र १९८५ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कच्या परिसरात चाचणीदाखल विकायला ठेवले गेले. म्हणून १८ ऑक्टोबर ही तारीख पुष्कळ ठिकाणी छापलेली दिसते. पण मारिओ त्याच दिवशी दुकानात होता, हे दाखवणारा त्या काळचा निर्विवाद कागद पुढे आलेला नाही, आणि अभ्यासकांत यावर अजून वाद आहे. गेम देशभर एकाच दिवशी विक्रीला काढायची आजची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. माल पोहोचेल तसा मांडला जाई. तुम्ही ज्या संकेतस्थळावरून तारीख घेतलीत, त्याने ती कुठून घेतली हे तिथे लिहिलेले नसणार. म्हणून ती गेली. अशा वेळी लेखाच्या बाजूच्या माहितीचौकटीत मोघम वर्ष ठेवावे आणि मजकुरात मतभेद सांगावा.

'पॅक-मॅन'मध्ये गोंधळ वेगळा आहे. २२ मे १९८० ही तारीख तोक्योतल्या शिबुया भागात यंत्र लोकांपुढे ठेवून घेतलेल्या चाचणीची. जपानभर गेम पसरला तो जुलैत, आणि तेव्हा त्याचे नाव 'पक मॅन' होते. दोन्ही तारखा खऱ्या, पण 'प्रकाशित झाला' हे क्रियापद पहिलीला लावता येत नाही. 'माइनक्राफ्ट'ची पहिली सार्वजनिक आवृत्ती १७ मे २००९ ची, पूर्ण गेम १८ नोव्हेंबर २०११ चा. पुण्यात तयार झालेला 'राजी' निन्टेंडो स्विचवर १८ ऑगस्ट २०२० रोजी आला आणि संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर १५ ऑक्टोबरला. 'राजी'ची तारीख १५ ऑक्टोबर असे कोणी लिहिले तर त्याने बहुधा संगणकाच्या दुकानाचे पान पाहिलेले असते.

पुढे ढकललेल्या तारखांनी सर्वांत जास्त चुका होतात. 'सायबरपंक २०७७' आधी १६ एप्रिल २०२० ला येणार होता, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर, आणि आला १० डिसेंबरला. यातल्या प्रत्येक तारखेला नामांकित संकेतस्थळाचा संदर्भ मिळतो, कारण बातमी लिहिली त्या दिवशी ती खरी होती. म्हणून पहिला नियम असा, की प्रकाशनाच्या तारखेला प्रकाशनानंतर लिहिलेलाच स्रोत घ्यायचा. बातमी ऑगस्टची आणि गेम डिसेंबरचा असेल तर ती बातमी फक्त 'जाहीर केले' एवढेच सिद्ध करते.

घड्याळाचाही फरक पडतो. संगणकावर 'सायबरपंक' ग्रीनिच वेळेनुसार १० डिसेंबर सुरू होताच उघडला. त्या क्षणी देवगडात पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि लॉस एंजेलिसला ९ डिसेंबरचे दुपारचे चार. तिथल्या खेळाडूने ९ तारीख लिहिली तर तो खोटे बोलत नाही. लेखात मात्र निर्मात्यांनी जाहीर केलेली अधिकृत तारीखच घ्यायची.

दुरुस्ती करताना ती सगळ्या जागी करा: माहितीचौकट, पहिला परिच्छेद, निर्मितीचा भाग आणि तळाचा वर्षाचा वर्ग. एक बदलून बाकी विसरले की लेख स्वतःशीच भांडू लागतो आणि पुढचा माणूस तुमची बरोबर तारीखच 'चूक' समजून बदलतो. विकिडेटा या विकिपीडियाच्या सामायिक माहितीसाठ्यातली 'प्रकाशन दिनांक' ही नोंदही पाहा, कारण काही भाषांतल्या चौकटी तिथूनच भरल्या जातात. जुना गेम नव्या ऑनलाइन दुकानात आला की दुकानाच्या पानावर बरेचदा त्या दुकानात आल्याची तारीख असते, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : माझ्या वर्गातली मुले सांगतात की एका जुन्या गेममध्ये चुकीच्या वजाबाकीमुळे गांधीजी अणुबॉम्ब टाकत. ही गोष्ट डझनभर संकेतस्थळांवर आहे, मग लेखात घालायला हरकत काय? – शिक्षिका, मालवण

उत्तर : बाई, हे उदाहरण वर्गात जरूर घ्या, कारण एवढी पटणारी आणि तरीही निराधार गोष्ट क्वचित मिळते.

ती अशी सांगतात: १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये प्रत्येक नेत्याला आक्रमकतेचा आकडा होता, गांधीजींचा सर्वांत कमी, १. देशाने लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा होत. उत्तर आले उणे १. पण आकडा ठेवायची जागा ८ बिटची, तिच्यात ० ते २५५ एवढेच बसतात, उणे चिन्हाला वाव नाही. म्हणून घड्याळाचा काटा शून्यावरून मागे ढकलल्यावर पार दुसऱ्या टोकाला जावा, तसा आकडा २५५ झाला आणि सर्वांत शांत माणूस सर्वांत युद्धखोर बनला.

संगणकात अशी वजाबाकी खरेच घडू शकते, म्हणून तर ऐकणारा लगेच मान डोलावतो. पण गेमचे कर्ते सिड मायर यांनी २०२० साली आलेल्या आत्मवृत्तात ही गोष्ट नाकारली. 'सिव्हिलायझेशन २'चे मुख्य रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स यांच्या म्हणण्यानुसार पहिल्या गेममध्ये आक्रमकतेच्या तीनच पायऱ्या होत्या. गांधीजी सर्वांत खालच्या पायरीवर होते आणि नेत्यांपैकी एकतृतीयांश त्याच पायरीवर होते. आमच्या शब्दांमागे अण्वस्त्रांचे बळ आहे, अशा अर्थाचे जे वाक्य खेळाडूंना आठवते, ते अण्वस्त्रे हाती आलेला कोणताही नेता बोलतो. गांधीजींच्या तोंडी ते विसंगत वाटले म्हणून लक्षात राहिले.

वजाबाकीची कथा पसरू लागली ती २०१२ च्या सुमारास, म्हणजे गेम येऊन वीस वर्षे झाल्यावर. एका खुल्या संकेतस्थळावर कोणीतरी ती लिहिली, तिथून चाहत्यांच्या कोशांत गेली, मग बातम्यांत, आणि बातम्या आल्यावर लोक त्यांचाच दाखला देऊ लागले. डझनभर ठिकाणी दिसतात ते एकाच झऱ्याचे डझनभर पाट आहेत. मधल्या काळात २०१० च्या 'सिव्हिलायझेशन ५'मध्ये रचनाकारांनी गंमत म्हणून गांधीजींचा अण्वस्त्रे बनवण्याचा आणि वापरण्याचा कल १२ ठेवला होता, तोही १० पर्यंतच्या मापावर. हे मात्र खरे आहे. खऱ्याचा असा एक कण आत असला की अफवा जास्त टिकते.

अशी शंका आली तर लेखाच्या 'इतिहास' पानावर जा आणि ते वाक्य कोणत्या दिवशी आले ते पाहा. लांबलचक इतिहासात शोधायला 'विकिब्लेम' नावाचे साधन आहे: वाक्यातले तीनचार शब्द द्या, ते कोणत्या आवृत्तीत प्रथम दिसले ते सांगते. आता दिलेल्या संदर्भाची तारीख पाहा. वाक्य आधीचे, संदर्भ नंतरचा आणि त्या संदर्भात माहितीचे मूळ सांगितलेले नसेल, तर त्याने ती लेखातूनच उचललेली असण्याचा संभव मोठा. तो संदर्भ मोजू नका.

लेखात ही गोष्ट घालायला हरकत नाही, फक्त अफवा म्हणून घाला: 'पहिल्या गेममधील आकड्याच्या दोषामुळे गांधी आक्रमक होत, अशी कथा २०१० च्या दशकात प्रसृत झाली, सिड मायर यांनी २०२० साली ती नाकारली.' असे लिहिले की वाचकाला गोष्टही कळते आणि तिची लायकीही.

छापील मासिकेही डोळे मिटून घेऊ नयेत. 'स्ट्रीट फायटर २'मध्ये शेंग लाँग नावाचा लपलेला योद्धा आहे, असे एका अमेरिकन गेम मासिकाने एप्रिल १९९२ च्या अंकात छापले. तो एप्रिल फूल होता. अंकाचा महिना बघायची सवय लावून घ्या.

प्रश्न : पब्जी भारतात कधी बंद झाला, यावर माझे एका सदस्याशी वाजले. मी ३० ऑक्टोबर २०२० लिहितो, तो २ सप्टेंबर करतो. दोघांनीही तीनतीनदा बदलले. पुढे काय? – चिपळूण

उत्तर : आधी हात थांबवा. २४ तासांत एकाच लेखात तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले तर खाते काही काळ रोखले जाऊ शकते, आणि तुमचे म्हणणे बरोबर असले तरी त्याने सुटका होत नाही.

तुम्ही दोघे दोन वेगळ्या घटनांच्या तारखा एकाच शब्दात कोंबत आहात. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने 'पब्जी मोबाइल'सह ११८ अ‍ॅपवर बंदीचा आदेश काढला. ज्यांच्या फोनवर गेम आधीच होता, त्यांचा तो त्यानंतरही चालू राहिला. ३० ऑक्टोबरला कंपनीने भारतातली सेवा बंद केली, तेव्हा तोही थांबला. 'बंद' हा शब्दच काढा, भांडण संपेल. चर्चा पानावर असे लिहा:

'लेखात दोन तारखांची सरमिसळ झाली आहे. पुढील वाक्य सुचवतो: "२ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने या गेमवर बंदी घातली, ३० ऑक्टोबर २०२० पासून भारतातील सेवा थांबवण्यात आली." दोन्हीचे संदर्भ खाली देत आहे. आठवडाभरात हरकत न आल्यास लेखात घालीन.'

समोरच्या सदस्याला तिथे हाक द्या आणि खरेच आठवडा थांबा. उत्तर आलेच नाही किंवा वाद तसाच राहिला, तर व्हिडिओ गेम प्रकल्पाच्या चर्चा पानावर प्रश्न मांडा. मराठी विकिपीडियावर त्यासाठी चावडी नावाचे सामायिक चर्चेचे पान आहे.

या गेममध्ये आणखी एक खड्डा आहे. संगणकावरचा मूळ गेम (पूर्ण स्वरूपात २० डिसेंबर २०१७), 'पब्जी मोबाइल' (१९ मार्च २०१८) आणि क्राफ्टन कंपनीचा 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' (२ जुलै २०२१) ही तीन वेगळी उत्पादने आहेत. बोलताना तिन्हींना पब्जीच म्हणतात, पण लेखात बंदी, आकडे आणि निर्माते यांची अदलाबदल झाली की सगळा लेख नासतो. २८ जुलै २०२२ ला दुकानांतून हटवला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला तो तिसरा, पहिले दोन नव्हेत.

प्रश्न : विक्रीचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे दिसतात. आणि समीक्षेचे गुण कोणते द्यावे? – काजू व्यापारी, वेंगुर्ले

उत्तर : देवगडहून वाशीच्या बाजारात पाचशे पेट्या गेल्या म्हणजे पाचशे घरी आंबा पोहोचला, असे कोणी बागायतदार म्हणत नाही. गेममध्येही कारखान्यातून दुकानांकडे रवाना झालेल्या प्रती आणि गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्या प्रती हे दोन आकडे आहेत, आणि कंपनीच्या निवेदनातले क्रियापद वाचूनच ते ओळखू येतात. फुकट गेमला तर विक्रीच नसते. तिथे डाउनलोड, नोंदणी झालेली खाती आणि एका वेळी खेळणारे असे तीन आकडे असतात. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'बद्दल क्राफ्टनने जुलै २०२२ मध्ये सांगितलेले १० कोटी हे नोंदणीकृत वापरकर्ते होते. त्याचे '१० कोटी लोक खेळतात' असे करू नका. एकाच माणसाची चार खाती असू शकतात.

आकड्याशेजारी तारीख हवीच. 'सायबरपंक २०७७'च्या १ कोटी ३० लाख प्रती, २० डिसेंबर २०२० पर्यंत, परत आलेल्या वजा करून: असा तपशील कंपनीनेच दिला होता, तो तसाच उतरवावा. 'माइनक्राफ्ट'ची ३० कोटींची घोषणा ऑक्टोबर २०२३ ची आहे. 'आतापर्यंत' हा शब्द लिहू नका, तो दुसऱ्या दिवशीच शिळा होतो.

मोठ्या आकड्यांचे रूपांतर करताना कागदावर शून्ये मोजा. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच एक अब्ज. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली 'माइनक्राफ्ट' बनवणारी मोजांग कंपनी २५० कोटी डॉलरला घेण्याचा करार केला. मराठीत ते '२५ कोटी' आणि '२५ अब्ज' या दोन्ही बाजूंना घसरू शकते. रुपयांत रूपांतर करूच नये, दर रोज बदलतो.

गुणांबद्दल: मेटाक्रिटिक या समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावरचा समीक्षकांचा गुणांक घ्यावा, प्रेक्षकांचा घेऊ नये. प्रेक्षकांचे गुण कोणीही, गेम न खेळताही देऊ शकतो. जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' येताच, कोणाचा खेळून पूर्ण होण्याआधीच, शून्यांचा पाऊस पडला. पुढच्या महिन्यात मेटाक्रिटिकने गेम आल्यापासून ३६ तास प्रेक्षकांचे गुण न घेण्याचा नियम केला. गुणांक प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो हेही विसरू नका. 'सायबरपंक'ला संगणकावर ८६ आणि प्लेस्टेशन ४ वर ५७ आहेत. दोन्हींची सरासरी तुम्ही काढलीत तर तो तुमचा स्वतःचा शोध होतो, आणि स्वतःचे शोध तिथे चालत नाहीत.

प्रश्न : इंग्रजी लेख मराठीत आणायचा आहे. यंत्राने केलेले भाषांतर टाकले तर चालेल का? – अलिबाग

उत्तर : कच्चा खर्डा म्हणून वापरा, पण एकही वाक्य न वाचता टाकू नका. यंत्र प्लॅटफॉर्मचा 'फलाट' करते, प्रकाशित झालेल्या गेमची 'सुटका' करते, आणि समीक्षकांनी कौतुक केले याचे 'गंभीर प्रशंसा मिळाली' असे काहीतरी होते. हे विनोदी वाटले तरी निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी चूक जास्त घातक: इंग्रजी वाक्यात 'विकासकांच्या मते' असे असते, भाषांतरात ते दोन शब्द गळतात आणि कंपनीची जाहिरात वस्तुस्थिती बनते.

नावे मूळ भाषेच्या उच्चाराने लिहा. जपानी 'त' इंग्रजीतून आला की 'ट' होतो, म्हणून 'मारिओ'चे कर्ते मियामोतो यांचे मियामोटो आणि 'पॅक-मॅन'चे कर्ते इवातानी यांचे इवाटानी होते. माणसांच्या नावांना मूळ उच्चार आणि कंपन्यांना मराठीत रुळलेले रूप, हा मार्ग बरा. शीर्षकाची वेगवेगळी रूपे लोक शोधतात, म्हणून पब्जी, पबजी, पीयूबीजी अशा सगळ्यांवरून एकाच लेखाकडे पुनर्निर्देशन करून ठेवा.

संदर्भ आंधळेपणाने उतरवू नका. प्रत्येक दुवा उघडा आणि वाक्य खरेच तिथे आहे का पाहा. इंग्रजी लेखातली चूक तपासण्याची ती उत्तम संधी असते. शेवटी बदलाच्या सारांशात मूळ लेखाचा दुवा द्या. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे आणि मूळ लेखकांना श्रेय देणे ही त्याची अट आहे. विकिपीडियाचे भाषांतराचे साधन वापरलेत तर ही नोंद आपोआप होते.

प्रश्न : मी नीट केलेला लेख सहा महिन्यांनी पुन्हा बिघडलेला असतो. निम्मे दुवे उघडत नाहीत. इकडे पावसात वीज गेली की अर्धवट लिहिलेलेही जाते. – गुहागर

उत्तर : गेमची संकेतस्थळे लवकर मरतात. सेवा बंद झाली की कंपनी पान काढून टाकते. म्हणून संदर्भ देतानाच ते पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा: पानाचा पत्ता तिथल्या 'आत्ता जतन करा' चौकटीत टाकला की प्रत तयार होते. तिचा दुवा आणि जतन केल्याची तारीख संदर्भाच्या साच्यात भरा. आधीच मेलेला दुवा काढून टाकू नका. वेबॅकमध्ये त्याची जुनी प्रत शोधा, बऱ्याचदा मिळते.

शिळेपणा शोधायला संगणकावर कंट्रोल आणि एफ दाबून 'सध्या', 'नुकताच', 'लवकरच', 'आगामी', 'अलीकडे' हे शब्द शोधा. प्रत्येकाच्या जागी महिना आणि वर्ष घाला. 'आगामी गेम' म्हणून ठेवलेले लेख गेम येऊन वर्ष झाले तरी तसेच असतात. 'पहिला' हा शब्दही शोधा. 'भारतातील पहिला', 'जगातील पहिला' यांना भक्कम संदर्भ नसेल तर ते उडवा. १९७२ च्या 'पाँग'ला पहिला व्हिडिओ गेम म्हणणारे पुष्कळ आहेत, पण १९६२ चा 'स्पेसवॉर' आणि १९५८ चा 'टेनिस फॉर टू' त्याच्या आधीचे आहेत.

विजेचे म्हणाल तर पूर्ण लेख उघडून बसू नका. एकेका भागाशेजारच्या 'संपादन'वर टिचकी द्या, तेवढाच भाग सुधारा आणि जतन करा. त्याने दुसऱ्याशी संपादनाची टक्करही कमी होते. लांब मजकूर आधी फोनच्या नोंदवहीत किंवा तुमच्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर लिहा. आणि लेख पहाऱ्याच्या सूचीत घाला, म्हणजे कोणी हात लावला की कळेल.

प्रश्न : गेमच्या वेष्टनाचे चित्र आणि मी स्वतः घेतलेला स्क्रीनशॉट विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रभांडारात चढवला. दोन्ही पुसले. – हर्णै

उत्तर : बटण तुम्ही दाबलेत, पण चित्र कंपनीचेच राहते. कॉमन्सवर मालकी हक्काचे चित्र चालतच नाही. इंग्रजी विकिपीडियावर ते त्या लेखापुरते, कारण लिहून आणि लहान करून चढवता येते. साधारण एक लाख पिक्सेल, म्हणजे उभे वेष्टन २७४ गुणिले ३६५ आणि आडवा पडदा ४२१ गुणिले २३७ एवढे पुरे. चित्र लेखात लावायला विसरलात तर सात दिवसांनी पुसले जाते.

प्रश्न : मी एका गेम स्टुडिओत काम करते. आमच्या गेमच्या लेखात रचनाकाराचे नाव चुकले आहे. मी बदलले तर गैर आहे का? – सावंतवाडीची, नोकरीनिमित्त पुण्यात

उत्तर : स्वतः लेखात हात घालू नका. तुमच्या कामात हे येत असेल तर २०१४ पासून विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या अटींनुसार नोकरी देणाऱ्याचे नाव जाहीर करणे बंधनकारक आहे. ते तुमच्या सदस्य पानावर लिहा. मग लेखाच्या चर्चा पानावर दुरुस्तीची विनंती टाका: चुकलेले वाक्य जसेच्या तसे, त्याखाली हवे ते वाक्य, आणि पुरावा. पुरावा म्हणून गेमच्या शेवटी येणारी श्रेयनामावली पुरते. कोणत्या आवृत्तीतली आणि कोणत्या पदाखाली नाव आहे ते लिहा. कार्यालयातला ईमेल किंवा 'मला माहीत आहे' चालणार नाही, कारण ते दुसऱ्याला उघडून पाहता येत नाही. विनंती एका वेळी एकाच दुरुस्तीची करा. सोबत गेमची स्तुती करणारे दोन परिच्छेद जोडलेत तर नावाची साधी दुरुस्तीही त्यात अडकून पडेल.